शरीराची राखण आणि रोजची एक गोळी
आरोग्य पाठ : प्रतिकारशक्ती, एचआयव्ही आणि घरातली शुश्रूषा



बचत, कर्ज, व्याज यावर आपण बैठकीत तासभर मोकळेपणी बोलतो. आजाराचा विषय निघाला की आवाज खाली येतो. आणि एचआयव्हीचं नाव निघालं तर कुणीतरी विषयच बदलतं. पण घरात कुणी आजारी पडलं की उशाशी बसायचं काम आपल्याच वाट्याला येतं. दवाखान्यात नर्सताई असतात, घरी आपणच नर्स. म्हणून हे काम नीट शिकून घेऊ.

हा पाठ दोन बैठकांत मोठ्याने वाचा. पहिल्या बैठकीत भाग १ आणि २, दुसऱ्या बैठकीत भाग ३ ते ५. शेवटी चर्चेचे प्रश्न दिले आहेत.

भाग १ : प्रतिकारशक्ती म्हणजे काय?

"हिची प्रतिकारशक्तीच कमी आहे" असं आपण सहज बोलून जातो. पण ती शरीरात असते कुठे?

पहिली राखण म्हणजे शेताचं कुंपण. आपली कातडी हे कुंपणच आहे. नाकातले केस, घशातला चिकट द्रव, डोळ्यांतलं पाणी, पोटातलं आम्ल, हे सगळे जंतूंना दारातच अडवतात. म्हणून पायाला भेग पडली, बोट कापलं तर ती जागा धुऊन झाकायची. कुंपणाला भगदाड पडलं की जनावर आत शिरणारच.

दुसरी राखण रक्तात असते. रक्तातल्या पांढऱ्या पेशी आत शिरलेल्या जंतूला ओळखतात आणि त्याच्याशी लढतात. जखम लाल होते, सुजते, ताप येतो, ही या लढाईचीच खूण. एकदा लढलेला जंतू काही पेशी लक्षात ठेवतात. तोच जंतू पुन्हा आला तर त्याचा लवकर बंदोबस्त होतो. बाळाला आपण लस देतो ती याचसाठी. आजार न होताच शरीराच्या वहीत त्या जंतूची नोंद होते.

या पेशींचं काम समजून घ्यायला आपला गटच डोळ्यांसमोर आणा. गटात काही जणी हिशेब करतात, काही बँकेत जातात, काही वसुली बघतात. पण बैठक कधी, कुणी काय करायचं, हा निरोप सगळ्यांना कोण देतं? सचिव. शरीरातही अशी एक सचिव पेशी असते. तिला सीडी-४ पेशी म्हणतात. ती स्वतः फारशी लढत नाही. जंतू आल्याची वर्दी मिळताच ती बाकीच्या पेशींना कामाला लावते. कुणी जंतूला गिळायचं, कुणी त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवायची, हे तिच्या इशाऱ्यावर चालतं.

सचिवच नसेल तर? गटात बायका आहेत, पैसा आहे, पण बैठकच भरत नाही. एचआयव्ही नेमकं हेच करतो.

भाग २ : एचआयव्ही शरीरात काय करतो?

एचआयव्ही हा विषाणू सीडी-४ पेशीतच शिरतो. सचिवाच्या घरात बसून, तिच्याच वहीच्या कागदावर तो स्वतःच्या हजारो नकला काढतो. शेवटी ती पेशी मरते आणि नकला दुसऱ्या पेशींत शिरतात.

निरोगी माणसाच्या एका घन मिलिमीटर रक्तात, म्हणजे थेंबाच्याही छोट्या अंशात, साधारण ५०० ते १५०० सीडी-४ पेशी असतात. औषध न घेतल्यास ही संख्या वर्षागणिक घटत जाते. ती २०० च्या खाली गेली की एरवी शरीर सहज परतवून लावतं असे आजारही जिवावर बेततात. त्या अवस्थेला एड्स म्हणतात. म्हणजे एचआयव्ही हा विषाणू आहे आणि एड्स ही त्याच्यामुळे होणारी शेवटची अवस्था. वेळेत औषध सुरू झालं तर ही अवस्था बहुतेकांना येतच नाही.

लागण झाल्यावर दोन-चार आठवड्यांत काहींना ताप, अंगदुखी, घसादुखी होते आणि जाते. साधा ताप म्हणून कुणी लक्ष देत नाही. त्यानंतर कित्येक वर्षं, कधी आठ-दहा वर्षंही, माणूस धडधाकट दिसतो. म्हणून "बघून कळतं" हा समज सोडून द्या. कळतं ते फक्त रक्ताच्या चाचणीने. लागणीनंतर पहिल्या काही आठवड्यांत चाचणीतही ती दिसेलच असं नाही. धोका घडून तीन महिने झाल्यावर पुन्हा चाचणी करायला सांगतात ती यासाठी.

लागण कशाने होते, ते पाठ करा :

- निरोध न वापरता बाधित व्यक्तीशी आलेला शरीरसंबंध
- बाधित रक्त, किंवा एकाने वापरलेली सुई-सिरिंज दुसऱ्याने वापरणे
- बाधित आईकडून बाळाला : गरोदरपणात, बाळंतपणात किंवा अंगावरच्या दुधातून

लागण कशाने होत नाही, तेही पाठ करा. एका ताटात जेवल्याने, एका रांजणाचं पाणी प्यायल्याने, हळदी-कुंकवाला कपाळाला बोट लावल्याने, मिठी मारल्याने, एकाच संडासात गेल्याने, डास चावल्याने, खोकल्या-शिंकल्याने एचआयव्ही होत नाही. लाळ, घाम आणि अश्रू यांतून तो पसरत नाही.

आपल्या देशात एचआयव्ही पहिल्यांदा उजेडात आला तो १९८६ मध्ये, चेन्नईत. तो शोधून काढणाऱ्या दोघी बायकाच होत्या. डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला. सुनीतीताई माहेरच्या गायतोंडे, चेन्नईत राहणाऱ्या मराठी घरातल्या. तेव्हा या आजारावर औषध नव्हतं. आज आहे. १ एप्रिल २००४ पासून ते सरकारतर्फे मोफत मिळायला लागलं. २०१७ पासून तर सीडी-४ कितीही असो, निदान झालं की औषध लगेच सुरू करतात.

भाग ३ : रोजची गोळी, जन्मभराची

या औषधोपचाराला एआरटी म्हणतात. जिल्हा रुग्णालयात एआरटी केंद्र असतं. अनेक ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांतही औषध मिळण्याची सोय आहे. आज बहुतेक मोठ्या माणसांना तीन औषधं मिळून एकच गोळी रोज घ्यायची असते. ती विषाणूला नकला काढू देत नाही. हळूहळू सीडी-४ पेशी वाढतात आणि माणूस शेतात, कामावर, गटाच्या बैठकीत पुन्हा पहिल्यासारखा उभा राहतो.

पण गोळी विषाणूला कोंडून ठेवते, मारून टाकत नाही. चार दिवस बरं वाटलं म्हणून गोळी बंद केली की तो पुन्हा डोकं वर काढतो. गोळी कधी घ्यायची, कधी सोडायची असं झालं तर तो त्या औषधाला सरावतो. मग तीच गोळी लागू पडत नाही. सगळ्या शुश्रूषेतलं मोठं काम म्हणूनच एका वाक्याचं आहे : गोळी चुकू द्यायची नाही.

आपण काय करू शकतो?

वेळ बांधून द्या. रात्रीच्या जेवणानंतर, दिवाबत्तीच्या वेळी, जी वेळ रोज पाळता येईल ती धरा. मोबाईलचा गजर लावा. एखाद्या दिवशी विसरली तर आठवताच घ्यावी. दुसऱ्या दिवशी दोन गोळ्या एकदम घेऊ नयेत.

रक्तवाढीच्या गोळीची गल्लत टाळा. आपल्यापैकी अनेक जणी लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या घेतात. उपाशीपोटी त्या एआरटीच्या गोळीसोबत घेतल्या तर एआरटीचं औषध अंगी लागत नाही. पित्ताच्या गोळ्यांचंही तसंच. एआरटी गोळी या गोळ्यांच्या निदान दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घेतात. वेळा कशा बसवायच्या ते केंद्रातल्या ताईंकडून लिहून घ्या.

ऊसतोडीला जाताना औषध सोबत न्या. टोळी कारखान्यावर निघाली की पाच-सहा महिने गाव सुटतं. गोळ्या तुटतात त्या इथेच. निघण्याआधी एआरटी केंद्रात सांगा की अमुक तालुक्यात जातोय. जास्त दिवसांच्या गोळ्या किंवा त्या भागातल्या केंद्रावरून औषध मिळण्याची व्यवस्था करून देतात. केंद्राने दिलेलं हिरवं पुस्तक सोबत ठेवायचं. तेच दाखवून दुसरीकडे औषध मिळतं.

लपवाछपवीत डोस बुडू देऊ नका. कित्येक सुना गोळ्यांची डबी तांदळाच्या डब्यात लपवतात. पाहुणे आले, घर भरलेलं असलं की डबा उघडता येत नाही आणि गोळी राहते. अशा बाईला घरात एक तरी विश्वासाचं माणूस हवं. सासू असेल, नणंद असेल, शेजारीण असेल. तुम्ही ते माणूस होऊ शकता.

गोळी नियमित घेतल्यावर सहा महिन्यांनी रक्तातल्या विषाणूंचं प्रमाण मोजतात. याला व्हायरल लोड चाचणी म्हणतात. ती पुन्हा बाराव्या महिन्यात, मग दरवर्षी. हे प्रमाण चाचणीत दिसणार नाही इतकं खाली आलं आणि तसंच राहिलं, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. जगभरच्या मोठ्या अभ्यासांनी हे सिद्ध केलं आहे. तरी इतर गुप्तरोगांपासून बचावासाठी निरोध वापरावाच.

पोटात बाळ असेल तर. औषध घेतलं नाही तर बाधित आईच्या शंभर बाळांपैकी १५ ते ४५ बाळांना लागण होऊ शकते. आईने आणि बाळाने औषध नीट घेतलं तर हे प्रमाण पाचाच्या खाली आणता येतं. म्हणून प्रत्येक गरोदर बाईची, मग ती कुठल्याही घरातली असो, पहिल्या तपासणीतच एचआयव्ही चाचणी व्हावी. उपकेंद्रात नर्सताई बोटाला टोचून ती करतात. बाळंतपण दवाखान्यातच करायचं. बाळाला जन्मताच औषधाचा रस सुरू होतो आणि निदान सहा आठवडे चालतो. पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध द्यायचं. थोडं अंगावरचं आणि थोडं वरचं असं मिसळून देऊ नये. बाळाची पहिली चाचणी सहा आठवड्यांनी, शेवटची अठरा महिन्यांनी. मधल्या चाचण्या चुकवायच्या नाहीत.

भाग ४ : घरातली शुश्रूषा

आपण घाबरतो ती आजारी व्यक्ती आपल्याला आजार देईल म्हणून. पण रोजच्या वावरात तिच्याकडून आपल्याला एचआयव्ही होत नाही. उलट आपली सर्दी, आपला खोकला, आपल्या हाताची घाण तिला महागात पडू शकते, कारण तिची राखण दुबळी झालेली असते. हात धुवायचे ते तिला जपण्यासाठी.

हात. स्वयंपाकाआधी, भरवण्याआधी, संडासनंतर, जखम धुतल्यानंतर साबणाने हात घासून धुवा. फक्त पाण्याने नाही.

जेवण आणि पाणी. पाणी उकळून किंवा औषध टाकून शुद्ध केलेलं. दूध तापवूनच. मांस-अंडी पूर्ण शिजवून. शिळं अन्न नको. भाकरी, वरण, मोड आलेली मटकी शिजवून, शेंगदाणे, शेवग्याच्या शेंगा नि पाला, अंडं, केळं, जे घरात परवडेल ते. तोंडात फोड असतील तर तिखट-आंबट टाळून पेज, मऊ खिचडी, ताक-भात द्या. एकदम ताटभर देण्यापेक्षा थोडं थोडं चार-पाच वेळा.

एक सावधगिरी. "इम्युनिटी वाढवणारी" पावडर, काढा, थेंब विकायला बायका-बायकांत साखळ्या चालतात. डब्याचे हजार-दोन हजार रुपये घेतात. कुठलीही पावडर एआरटीची जागा घेऊ शकत नाही. तेवढ्या पैशांत महिनाभराची डाळ, अंडी येतात. आणि "आमचं औषध घ्या, गोळ्या बंद करा" असं कुणी सांगितलं तर तो माणूस जिवाशी खेळतोय असं समजा.

जुलाब. ओआरएसचं एक पाकीट एक लिटर शुद्ध पाण्यात. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. हे पाणी चोवीस तासांत संपवा, उरलं तर फेकून द्या.

तोंड. जिभेवर, टाळूवर पांढरा थर आला, गिळताना दुखू लागलं तर ती बुरशी असू शकते. कोमट मिठाच्या पाण्याने चुळा भरायला द्या आणि दवाखान्यात न्या. त्यावर औषध आहे.

नागीण. अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखे आगीचे फोड उठतात. "तोंडाला तोंड मिळालं की माणूस जातो" असं आपल्याकडे म्हणतात. ते खोटं आहे. लहानपणच्या कांजिण्यांचा विषाणू अंगात झोपलेला असतो, राखण दुबळी झाली की तो उठतो, त्यालाच नागीण म्हणतात. मंतरून घेण्यात दिवस घालवू नका. तीन दिवसांच्या आत औषध सुरू झालं तर चांगला गुण येतो. तरुण माणसाला नागीण झाली तर एचआयव्ही चाचणीही करून घ्यावी.

अंथरुणाला खिळलेली व्यक्ती. दर दोन तासांनी कूस बदला. चादर कोरडी, बिनसुरकुतीची ठेवा. पाठ, कंबर, टाचा रोज बघा. कातडी लाल दिसली तर त्या बाजूवर निजवू नका. रोज अंग पुसा आणि रोज गप्पा मारा. एकटं पडल्यानेही माणूस खचतं, जेवण सोडतं, गोळी सोडतं.

रक्त सांडलं तर. हातात मोजे घाला, नसतील तर प्लास्टिकची पिशवी. एक लिटर पाण्यात ३० ग्रॅम ब्लीचिंग पावडर कालवून सांडलेल्या जागी टाका, अर्धा तास थांबून पुसा. रक्ताचे कपडे वेगळे भिजवून साबणाने धुवा, कडक उन्हात वाळवा. ब्लेड, दात घासायचा ब्रश प्रत्येकाचा वेगळा असावा. हा नियम सगळ्याच घरांसाठी आहे.

कुणाला वापरलेली सुई टोचली किंवा कुणा बाईवर जबरदस्ती झाली, तर ७२ तासांच्या आत सरकारी दवाखाना गाठा. जितकं लवकर तितकं चांगलं. २८ दिवसांचं औषध देतात, त्याने लागण टळू शकते.

क्षयाकडे डोळ्यात तेल घालून बघा. एचआयव्ही असलेल्यांना सगळ्यात जास्त गाठतो तो टीबी. खोकला, ताप, वजन घटणं, रात्रीचा घाम, यातलं एक जरी लक्षण दिसलं तरी तपासणी लगेच. इतरांसारखं दोन आठवडे थांबायचं नाही. टीबी नसेल तर तो होऊ नये म्हणूनही गोळ्या मिळतात, त्या केंद्रात विचारून घ्या. एचआयव्ही असलेल्या बायकांना गर्भाशयाच्या तोंडाच्या कर्करोगाचा धोकाही सुमारे सहापट असतो. ती तपासणी वेळोवेळी करायची.

लगेच दवाखान्यात न्या : धाप लागणे, खूप डोकेदुखी आणि मान ताठणे, झटके, असंबद्ध बोलणे, दिसेनासे होणे, पाणीही पोटात न टिकणे, नवीन औषधानंतर ताप आणि अंगभर पुरळ.

भाग ५ : गटाची जबाबदारी

नवरा एचआयव्हीने गेला की बाईलाच "हिनेच आणलं" म्हणून घराबाहेर काढायचं, हे आपण पाहिलेलं आहे. बहुतेकींना ही लागण लग्नातूनच आलेली असते. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने, जो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, तिला राहत्या घरात राहायचा हक्क दिला आहे. नोकरी, शाळा, दवाखाना, भाड्याचं घर इथे तिला डावलता येत नाही. तिच्या संमतीशिवाय चाचणी करता येत नाही आणि तिची माहिती दुसऱ्याला सांगता येत नाही.

समजा आपल्या गटातल्या एखादीने विश्वासाने अध्यक्षांना सांगितलं की मला एचआयव्ही आहे, दर महिन्याला दवाखान्यात जावं लागतं, म्हणून हप्त्याची तारीख पुढे हवी. आता गट काय करणार? ही गोष्ट अध्यक्षांपाशीच थांबली पाहिजे. इतिवृत्तात "वैद्यकीय कारण" एवढंच लिहायचं. आजाराचं नाव लिहायचं नाही, बँकेच्या साहेबांना नाही, घरी नवऱ्यालाही नाही. कर्ज द्यायचं की नाही हे परतफेड बघून ठरवायचं, रक्त बघून नाही. गोळी नियमित घेणारी बाई वीस-तीस वर्षं आणि त्याहून जास्त जगते, कमावते, हप्ता फेडते.

तिला हेही सांगा : संजय गांधी निराधार योजनेत एचआयव्ही बाधितांचा समावेश आहे आणि एसटीत प्रवासाची सवलत आहे. कागदपत्रांसाठी एआरटी केंद्रातले समुपदेशक मदत करतात. शंका असेल तर १०९७ या क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे, मराठीतही बोलता येतं आणि नाव सांगावं लागत नाही.

बैठकीत चर्चेसाठी

१. शरीरातली "सचिव" पेशी कोणती? ती नसली तर काय होतं, ते आपल्या शब्दांत सांगा.
२. लागण होण्याचे तीन मार्ग आणि न होण्याची पाच उदाहरणं सांगा.
३. आपल्या गावातून ऊसतोडीला किंवा कामाला बाहेर जाणाऱ्यांची औषधं तुटू नयेत म्हणून ग्रामसंघ काय करू शकेल?
४. आपल्या गावातल्या सगळ्या गरोदर बायकांची चाचणी झाली आहे का? आशाताईंना बोलावून विचारा. फक्त झाली की नाही एवढंच विचारायचं, निकाल कुणाचाही विचारायचा नाही.
५. गटातल्या एखादीची खासगी गोष्ट गटाबाहेर जाऊ नये, यासाठी नियमावलीत एक ओळ लिहा. सगळ्यांच्या सह्या घ्या.

पाचव्या प्रश्नाचं काम आजच्या बैठकीतच करा. हा नियम लिहिला नसेल तर उद्या एखादी तोंड उघडणार नाही, आणि तोंड उघडलं नाही तर तिच्यापर्यंत औषध पोचणार नाही.